पॅसेजमधला ससा आणि चाव्याचा प्रश्न : बी विंग ग्रुपवरील चर्चा

बी-१०३ : सर्वांना नमस्कार. आज संध्याकाळी बी-१०२ यांच्या बर्फीने माझ्या मुलाच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. नखाच्या खाली दाताच्या दोन खुणा खोलवर उमटल्या आहेत. मागे वॉचमनच्या मुलीला तिनेच ओरबाडले, तेव्हा मी गप्प बसले. पिंजरा पॅसेजमध्ये ठेवायचा नाही, हे गणपतीच्या मीटिंगमध्येच ठरले होते.

बी-४०१ : माझे मत तेव्हाही हेच होते की आवारात प्राणी नकोत.

बी-३०२ : वाद नंतर करू, आधी जखमेकडे पाहा. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि आजच डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. घरात पाळलेल्या सशाकडून रेबीज होणे अत्यंत दुर्मीळ असले तरी तो निर्णय डॉक्टरांवरच सोडावा.

बी-१०२ : ताई, मला मनापासून वाईट वाटते आहे आणि दवाखान्याचा सर्व खर्च मी देईन. आमच्या गॅलरीत दुपारी कडक ऊन येते आणि ससे उष्णतेने दगावतात, म्हणूनच पिंजरा बाहेर ठेवला होता. मात्र मुलानेही जाळीतून हात आत घातला होता, एवढे सांगणे मला आवश्यक वाटते.

बी-१०३ : तो सहा वर्षांचा आहे. सहा वर्षांचे मूल समोर दिसलेल्या सशाला हात लावणारच.

बी-२०४ : एवढासा ससा, त्याचा चावा तो काय असणार!

बी-१०३ : वहिनी, अंगठ्याचा फोटो पाठवते, मग बोला.

बी-४०१ : पुन्हा सांगतो, आवारात प्राणी नकोत. हा विषय कमिटीने अजेंड्यावर घ्यावा.

बी-१०२ : काका, दिवाळीत तुमच्या मुलीचा कुत्रा याच लिफ्टमधून जात-येत होता, तेव्हा अजेंडा कुठे होता?

बी-४०१ : तो पाहुणा होता आणि त्याच्या गळ्यात पट्टा होता.

बी-५०१ : एवढे डोके कशाला लावायचे? मागच्या टेकडीवर नेऊन सोडा, तिथे ससे असतातच.

बी-२०१ : दादा, कृपया असे सुचवू नका. टेकडीवरचा ससा आपल्या रानातला आहे. बर्फीसारखे पांढरे ससे युरोपातल्या वेगळ्या जातीचे आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. कुत्री, मुंगूस, घारी यांच्यापुढे ती एक रात्रही काढणार नाही. शिवाय पाळीव प्राणी असा सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आमच्याकडे बरीच वर्षे ससे होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. माझ्या मते बर्फीला खुनशी ठरवणे अन्यायाचे आहे. ससा साधारण चार ते सहा महिन्यांत वयात येतो आणि मादी तर आपल्या जागेबद्दल फारच हळवी होते. कान मागे पाडून गुरगुरणे, पुढच्या पंजांनी फटके मारणे आणि तरीही हात मागे गेला नाही तर चावणे, असा तिचा क्रम असतो. त्यातच सशाला नाकाच्या अगदी समोरचे दिसत नाही, त्यामुळे जाळीतून थेट तोंडासमोर आलेले बोट त्याला हल्ल्यासारखेच वाटते. ताई, अलीकडे ती तोंडात गवत गोळा करते का?

बी-१०२ : हो, आणि छातीचे केस उपटून कोपऱ्यात रचते. आम्हाला वाटले, तिला खरूज झाली.

बी-२०१ : ही खोटी गर्भधारणा दिसते. नर जवळ नसतानाही ती होते, सोळा-अठरा दिवस टिकते आणि तेवढ्या काळात मादी कोणालाही घरट्याजवळ फिरकू देत नाही. नसबंदी केल्यास हा त्रास थांबतो, आक्रमकपणाही बहुधा काही आठवड्यांत उतरतो. वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा जो मोठा धोका माद्यांना असतो, तोही टळतो. फक्त सशांवर शस्त्रक्रिया करणाराच डॉक्टर शोधा आणि आदल्या रात्री तिला उपाशी ठेवू नका, कारण सशाला उलटी होत नाही आणि पोट रिकामे राहिले तर आतड्यांची हालचाल मंदावते. त्याच वेळी दातही तपासून घ्या. दाढ टोचत असली तरी ससा चावतो.

बी-४०१ : नसबंदी करा अथवा करू नका, माझा मुद्दा आवारात प्राणी नकोत हाच आहे.

सेक्रेटरी : काका, आपला मुद्दा नोंदवला आहे. घरात प्राणी पाळण्यास सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही. पॅसेज मात्र सर्वांचा आहे. बी-१०२ यांनी पिंजरा आज रात्रीच आत घ्यावा, ही विनंती.

बी-१०२ : आत घेतला आहे, हॉलमध्ये पंख्याखाली. सफाईसाठी हात घालते तेव्हा माझ्यावरही ती झेपावते, त्याचे काय करावे?

बी-२०१ : ती आत असताना पिंजरा साफ करू नका. दार उघडून ठेवा, तिला स्वतःहून बाहेर येऊ द्या आणि मगच गवत बदला. घरट्याचा कोपरा सध्या तसाच राहू द्या. कान धरून तर कधीच उचलू नका. तिच्यावर ओरडूही नका, त्याने भीती वाढेल आणि भीतीपोटी ती आणखी चावेल.

बी-१०३ : डॉक्टरांकडून आत्ताच परतलो. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, टाके लागले नाहीत. बी-१०२ यांनी नसबंदीची तारीख ठरली की ग्रुपवर कळवावी; तोपर्यंत मी मुलाला त्यांच्याकडे पाठवणार नाही.