'वॉटर अंडर द ब्रिज' आणि पुलाखालचे पाणी

प्रश्न (परभणी): मी अकरावी-बारावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. भाषांतराच्या सरावासाठी 'वुई हॅड अवर डिफरन्सेस, बट दॅट इज वॉटर अंडर द ब्रिज' हे वाक्य दिले असता बहुतेकांनी 'आमच्यात मतभेद होते, पण आता पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले आहे' असे लिहिले. मराठी म्हणून वाक्य निर्दोष आहे, तरीही अर्थ पुरता उतरलेला नाही असे वाटते. पूर्ण गुण द्यावेत का?

उत्तर १ (नांदेड): सर, आपली शंका रास्त आहे. 'अ लॉट ऑफ वॉटर हॅज गॉन अंडर द ब्रिज' म्हटले की मध्यंतरी बराच काळ लोटला, परिस्थिती पालटली, एवढाच बोध होतो आणि आपले पुलाखालचे पाणी नेमके तेच सांगते. युती तुटल्यावर पुढारी हे वाक्य उच्चारतात तेव्हा जुने वैर मिटले असे नव्हे, तर समीकरणे बदलली असे त्यांना सुचवायचे असते. 'दॅट इज वॉटर अंडर द ब्रिज' यात मात्र घडले ते घडले, आता मनात काही नाही, हा भाव मुख्य आहे. अमेरिकेत याच अर्थी 'वॉटर ओव्हर द डॅम' असेही म्हणतात. मी निम्मे गुण देईन.

उत्तर २ (गंगाखेड): येथे 'झाले गेले गंगेला मिळाले' हेच हवे. आमच्या भागात गोदावरीलाच गंगा म्हणतात आणि तिच्या काठचा मुलूख तो गंगाथडी, त्यामुळे ही म्हण मुलांनी घरीच ऐकलेली असते. बांधावरून वर्षानुवर्षे तारखा घालणारे दोन भाऊ अखेर तडजोडीला बसले की भावकीतला वडीलधारा माणूस हेच म्हणतो आणि मग दोघांपुढे चहा ठेवला जातो. इंग्रजी वाक्यात पूल दिसल्यामुळे मुले मराठीतही पूलच शोधत बसतात.

उत्तर ३ (लातूर): गंगाखेडच्या उत्तराशी मी सहमत आहे. एक गोष्ट मात्र वर्गात आवर्जून सांगावी: दोन्ही भाषांत हे बोलणे ज्याला झळ पोचली त्याच्या किंवा मध्यस्थाच्या तोंडी शोभते. ज्याने बांध कोरला तोच 'झाले गेले' म्हणू लागला, तर समोरच्याला ती क्षमायाचना न वाटता हात झटकणे वाटते, आणि वाद अजून कोर्टात चालू असेल तर दोन्ही प्रयोग चुकीचेच ठरतात.