डायमेट्रोडॉन डायनोसॉर नाही आणि सरडा आपला आजोबा नाही

रानवाट
काल इथल्या एका पोस्टमध्ये पाठीवर शीड असलेल्या डायमेट्रोडॉनचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, ‘डायनोसॉर हेही आपले पूर्वज. मासा, बेडूक, सरडा, उंदीर, माणूस अशी ही उत्क्रांतीची शिडी.’ प्रतिसादांत नुसती वाहवा. मला राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

डायमेट्रोडॉन वावरला साधारण २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी. पहिले डायनोसॉर येतात २३ कोटींच्या आसपास, म्हणजे मध्ये चार कोटी वर्षं गेली. शिवाय तो त्यांच्या घराण्यातला नाहीच, आपल्या घराण्यातला आहे. सिनॅप्सिड आणि सॉरॉप्सिड या शाखा ३१-३२ कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. सॉरॉप्सिडांकडे सरडे, साप, मगरी, डायनोसॉर, पक्षी. सिनॅप्सिडांकडे डायमेट्रोडॉन, सस्तनांच्या वाटेवरचे थेरॅप्सिड, त्यांच्यातलेच सायनोडॉन्ट आणि आपण.

कानशिलावर बोटं ठेवून दात आवळा. जो स्नायू फुगतो, त्याच्यासाठी डायमेट्रोडॉनच्या कवटीत डोळ्याच्या खोबणीमागे दोन्ही बाजूंना एकेक खिडकी होती. डायनोसॉरांच्या कवटीत तिथे दोन-दोन. माझ्या मुलीने परीक्षेत ‘हा डायनोसॉर नाही’ असं लिहिलं आणि तिचे गुण कापले गेले. ती घरी येऊन रडली, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

गुरुजी
मुलीचे गुण कापायला नको होते. बाकी तुमचा संताप अनाठायी आहे. मी तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गात साठ मुलं बसलेली असतात, त्यांना आधी शिडी दाखवावी लागते, फांद्या मागाहून. तो ३१ कोटी वर्षांपूर्वीचा समाईक पूर्वज समोर आणून ठेवला, तर तुम्हीही त्याला पालच म्हणाल. डायमेट्रोडॉनसारख्यांना ‘सस्तनसदृश सरीसृप’ म्हणतात, तो शब्द काही मी काढलेला नाही. विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या जीवाश्मतज्ज्ञांनी तो वापरला. त्या सगळ्यांना अडाणी ठरवणार का?

रानवाट
अडाणी कोण म्हणतंय? त्यांनी तो वापरला, पुढे पुरावे वाढले, तज्ज्ञांनीच सोडला. दिसायला पालीसारखा असेल, हे कबूल. पण दिसण्यावरून नातं ठरवलं, तर देवमासा मासा ठरतो. वर्गात तुम्ही असं चालवून घेतलं असतं का, सर?

पाऊलखुणा
गुरुजी, शिडीने नुकसान होतं ते असं. तळी आटली, मासे धडपडत जमिनीवर आले आणि त्यांना पाय फुटले, असंच मीही शिकलो होतो. मग अ‍ॅकॅन्थोस्टेगा या सुरुवातीच्या चौपायाबद्दल वाचलं. जीवाश्मतज्ज्ञ जेनी क्लॅक यांच्या तुकडीने १९८७ मध्ये ग्रीनलंडमधून त्याचे उत्तम जीवाश्म आणले. पुढच्या पायाला आठ बोटं आणि गळ्यात माशासारखे कल्ले! त्या पायांवर अंगाचा भार पेलणं अवघड होतं. म्हणजे बोटांचे पाय पाण्यातच तयार झाले, जमिनीवरचा उपयोग नंतरचा.

टिकटालिक हा पायांसारखे पर असलेला मासा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. २०१० मध्ये पोलंडमधल्या खाणीतले ठसे प्रसिद्ध झाले, ते ३९ कोटींच्या आसपासचे. ते चौपायांचेच असतील, तर टिकटालिकच्या कितीतरी आधी कुणीतरी चालून गेलंय. हे शिडीवर कुठे बसवणार?

रिकीब
नावांवरून किती वेळ भांडणार आहात? सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्या कानात आहे. माझी रिकीब, म्हणजे कानातलं रिकिबीच्या आकाराचं इवलं हाड, घट्ट बसली होती, ऐकू येणं कमी होत गेलं. शस्त्रक्रिया झाली आणि कित्येक वर्षांनी पावसाचा आवाज ऐकला. तेव्हापासून ही हाडं कुठून आली ते वाचतोय. तिच्या शेजारची हातोडी आणि ऐरण ही कानातली हाडं म्हणजे आपल्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्याची हाडं. कार्ल राइखर्ट या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८३७ मध्ये भ्रूण तपासून हे दाखवलं, तेव्हा डार्विनचं पुस्तक यायला बावीस वर्षं होती.

ठोकताळा
हे मला कधीच पटलेलं नाही. जबड्याचा सांधा निघाला आणि कानात गेला? मग मधल्या पिढ्या चावत कशाने होत्या? उपाशी मेल्या असत्या. तुम्ही लोक पाठ केलेलं म्हणून दाखवता, विचार करत नाही.

रिकीब
विचार करत नाही? दहा वर्षं बहिरेपणात काढून मी हे वाचलंय, तोंड सांभाळून बोला. मॉर्गॅन्युकोडॉन हा सस्तनांचा जुना नातलग बघा, २० कोटी वर्षांपूर्वीचा, चिचुंदरीएवढा. त्याच्या जबड्याला दोन सांधे होते, जुना आणि नवा, शेजारी शेजारी. चावायचं काम नव्या सांध्याने उचललं, म्हणून जुनी हाडं बारीक होऊ शकली. कुणी एक दिवससुद्धा उपाशी राहिलं नाही.

पाऊलखुणा
आणि हे जिवंत प्राण्यातही दिसतं. ओपोसम या अमेरिकेतल्या, कांगारूच्या नात्यातल्या प्राण्याचं पिल्लू जन्मतं, तेव्हा ही हाडं खालच्या जबड्याच्या कूर्चेला जोडलेलीच असतात. आईच्या अंगाला चिकटून दूध पीत ते वाढतं, तसतशी ती सुटी होतात.

गुरुजी
ओपोसमचं मला माहीत नव्हतं. हे वर्गात सांगता आलं असतं, हळहळ वाटली. पण एक बोलतोच. पाठ्यपुस्तक बदलायला वर्षं लागतात आणि शिव्या शिक्षकाला. मी एकदा पुस्तकाबाहेरचं उत्तर बरोबर धरलं, तर पालकच तक्रार घेऊन आले होते.

रानवाट
ते पालक चुकलेच. पण म्हणून चुकीची शिडी तशीच ठेवायची?

गुरुजी
‘सस्तनसदृश सरीसृप’ सोडतो. डायमेट्रोडॉन डायनोसॉर नाही, हे तर मी आधीही म्हणत नव्हतो. शिडी मात्र पहिल्या दिवशी दाखवणारच, दुसऱ्या दिवशी मोडेन.

ठोकताळा
दोन सांध्यांचं मान्य, नाइलाजाने. पण चावणाऱ्या हाडांनी ऐकू कसं येईल? मला तिथे अजून अडतंय. कानाचा पडदा कशावर ताणला होता?

रिकीब
अँग्युलर नावाच्या हाडावर. तेही खालच्या जबड्याच्या मागच्या भागातलंच. सायनोडॉन्टांमध्ये ती सगळी मागची हाडं आधीच बारीक झाली होती आणि एका टोकाला रिकिबीशी जोडलेली होती. म्हणजे चावता चावताच कंपनं आत पोचत होती. अँग्युलर आज तुमच्या कानात कड्यासारखं आहे, पडद्याला धरून.