‘राखीव’, ‘आरक्षित’ आणि ‘विभक्त’ मतदारसंघ: अर्थ एकच का?

प्रश्न: लातूर लोकसभेबद्दल कुणी ‘राखीव’ लिहितं, कुणी ‘आरक्षित’. एका ठिकाणी चक्क ‘विभक्त मतदारसंघ’ वाचलं. तिन्ही चालतील का?

उत्तर: पहिले दोन चालतील. ‘राखीव’ हा ‘राखणे’वरून आलेला आपला शब्द, ‘आरक्षित’ संस्कृत. ‘विभक्त’ मात्र अजिबात नको, त्यानं अर्थच उलटतो.

राखीव मतदारसंघात अट उमेदवाराला असते, मतदाराला नाही. लातुरात उभा राहणारा अनुसूचित जातीचा हवा. मत मात्र निलंगा, उदगीर, अहमदपूरचे सगळेच देतात. विभक्त मतदारसंघात मतदारयादीच वेगळी असते, मतदारही त्याच समाजाचे. ब्रिटिश सरकारच्या १९०९च्या सुधारणांत मुसलमानांना तसे मतदारसंघ मिळाले. ऑगस्ट १९३२च्या जातीय निवाड्यात, म्हणजे कुठल्या समाजाला किती जागा याच्या ब्रिटिश सरकारच्या निर्णयात, अस्पृश्यांनाही देऊ केले होते. २४ सप्टेंबरच्या गांधी-आंबेडकरांमधल्या पुणे करारानं ते गेले आणि संयुक्त (सर्वांची एकच मतदारयादी असलेल्या) मतदारसंघांतून प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या.

पुरवणी: करारातलं ‘राखीव’ आणि आजचं ‘राखीव’ही तंतोतंत एक नाही. तेव्हा आधी फक्त त्या समाजाच्या मतदारांनी चार जणांचं मंडळ निवडायचं, मग त्या चौघांतून सर्वांनी एक. संविधानात ही पहिली पायरी नाही. १९३२बद्दल लिहिताना ती गाळली की वाद कशावरून होता तेच कळत नाही.

‘जागा’ आणि ‘मतदारसंघ’ यांतही गल्लत होते. १९५२ आणि १९५७ला काही मतदारसंघ द्विसदस्य होते: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. तिथं राखीव होती ती जागा, मतदारसंघ नव्हे. १९६१च्या कायद्यानं ही पद्धत संपली. संविधानाचं कलम ३३० आजही ‘जागा’च म्हणतं.

आणखी एक: ‘अल्पसंख्याकांसाठी राखीव’ लिहू नका. धार्मिक अल्पसंख्याकांना राखीव जागा देण्याचा विचार संविधान सभेनं मे १९४९मध्ये सोडला. आज लोकसभेत ८४ जागा अनुसूचित जातींना, ४७ जमातींना. शिवाय ‘अल्पसंख्यांक’ हे अनुस्वाराचं रूप चूक. यात ‘अंक’ नाही, ‘संख्या’ला ‘क’ लागलाय.

प्रश्न: मग ‘लातूरला सोडतीत आरक्षण निघालं’ म्हणावं का?

उत्तर: नाही. सोडत जिल्हा परिषद, नगरपालिकेत. लोकसभेचं आरक्षण मतदारसंघांच्या पुनर्रचनेत ठरतं. २००४पर्यंत उस्मानाबाद राखीव होतं, २००९पासून लातूर. ‘पुनर्रचनेत राखीव झालं’ असं लिहा.