मदत हवी आहे: उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. इथे कोणती झाडं टिकतील?

घराच्या पश्चिमेला कुंपणालगत एक लांबट पट्टा मोकळा आहे, रुंदी जेमतेम सहा-सात फूट. माती काळी, चिकण. उन्हाळ्यात बोटं आत जातील एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच जागी दोन-दोन दिवस पाणी साचतं. दुपारनंतरचं ऊन थेट, वर भिंतही रात्रीपर्यंत तापलेली.

'कमी पाण्यावर येणारी झाडं' म्हणून जी यादी मिळते, त्यातली बरीचशी मुळाशी पाणी साचलं की कुजतात. लव्हेंडर, रोझमेरीचा विचार सोडलाच. ती भूमध्य समुद्राकाठची, तिथे पाऊस थंडीत पडतो. आमच्याकडे ऐन उकाड्यात. 'देशी झाडं लावा' हा सल्लाही अर्धाच वाटतो. डोंगरउतारावरचं देशी झाड माझ्या चिखलात कसं जगणार?

दोन्ही टोकं सोसतील अशी, फार उंच न होणारी झुडपं सुचवा. एक्झोरा फार आवडतो, येईल का? आणि एक कोडं: मे महिन्यात फूटभर खड्डा खणून पाणी ओतलं तर बघता बघता जिरलं. मग पावसाळ्यात साचतं कसं?

प्रतिसाद १
आधी कोडं. मे महिन्यात पाणी मातीत जिरलं नाही, भेगांतून खाली गेलं. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि निचरा जवळपास थांबतो. ही चाचणी माती पुरती भिजल्यावर करा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला इंचभरही उतरलं नाही, तर निचरा कमी समजा.

झाडं शोधायची तर ओढ्याच्या काठाला बघा. चार महिने पाण्यात आणि उरलेलं वर्ष कोरड्यात काढणारी झाडं तिथेच सापडतात. निर्गुडी तशी आहे, छाटली की आटोक्यात राहते. कण्हेरही तशीच, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. कुंपणाच्या कडेने वाळा लावा. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, पाणी साचलं तरी तग धरतो.

एक्झोरा जमिनीत नको. काळी माती बहुधा अल्कधर्मी असते. लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. कुंडीत लावा, हौस भागेल.

खड्ड्यात नुसती वाळू आणि खत भरू नका. भोवतीची माती पाणी सोडत नाही, त्यामुळे खड्ड्याचं टाकं होतं. त्याच मातीत शेणखत मिसळून वीतभर उंच वरंबा करा आणि झाड त्यावर लावा. काटक झाडालाही पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागतं.

प्रतिसाद २
करंज लावा की! पाणीही सोसतो, दुष्काळही.

प्रतिसाद ३
सहा फुटांच्या पट्ट्यात करंज? मोठा वृक्ष होतो तो, भिंतीला भिडेल.

धागाकर्ती
भेगांचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. निर्गुडी आणि वाळा नक्की. घरात रांगतं मूल आहे, त्यामुळे कण्हेर नको. निर्गुडीच्या दोन रोपांत अंतर किती ठेवू?

प्रतिसाद १
दाट कुंपण हवं असेल तर तीन फूट. मोकळी वाढू देणार असाल तर सहा.