कलेची ओढ माणसात आली कुठून?

पंचवटीकर: काल ढोलाच्या सरावाला एका नव्या पोराने विचारलं, "यातून पोट भरत नाही, मग माणूस एवढा जीव का काढतो?" माझं मत असं की कला आली ती टोळी बांधून ठेवायला. वाजवताना कमरेला दोर काचतो, बोटांना फोड येतात, पण ठेका जमला की काही जाणवत नाही. घरी गेल्यावर कळतं. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाने 2012 मध्ये हेच दाखवलं: स्वतः वाजवलं, गायलं, नाचलं की वेदना सोसायची ताकद वाढते, नुसतं ऐकून नाही. अशी माणसं संकटात एकमेकांना सोडत नसणार.

गंगापूर रोड: नाही पटत. कला आली ती जोडीदाराला रिझवायला; निसर्ग वंश कोणाचा वाढला ते बघतो. डार्विनने 1871 मध्येच मांडलंय. बॉवरबर्ड पक्ष्यातला नर काड्यांची कमान उभारतो, शिंपले-पिसं मांडतो, मादी ते पाहून जोडीदार निवडते. त्या कमानीत राहत कोणीच नाही, घरटं मादी वेगळं बांधते! मिरवणुकीत पहिल्या रांगेसाठी पोरं का भांडतात?

सुरगाण्याची सून: रांगेचं राहू द्या. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे देवीचं चित्र, लिहितात कोण? सवाशिणी, म्हणजे ज्यांची लग्नं कधीच झालीत. तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघट देवी, कोणी स्वतःचं नाव घालत नाही. इथे कोण कोणाला रिझवतंय?

गंगापूर रोड: चौकाला माझ्याकडे उत्तर नाही, मान्य. पण पुरातत्त्वज्ञ सांकलियांना इथेच नाशिकजवळ गंगापूरला गोदाकाठी अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली. त्या काळच्या हातकुऱ्हाडी बघा. कातडं सोलायला नुसती धार पुरते, मग दोन्ही बाजू इतक्या सारख्या करण्यात वेळ कशाला घालवायचा? कोणाच्या तरी नजरेत भरायलाच ना?

सिडको: तुम्ही सगळेच कलेला कामाला जुंपताय. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी 1997 मध्ये संगीताला कानांचा चीजकेक म्हटलं, म्हणजे नुसता चवीचा गोड पदार्थ. गोडाची ओढ पिकल्या फळांसाठी आली, बासुंदी आपण नंतर आटवली. कलाही तशीच.

पंचवटीकर: बासुंदीवाचून मूल वाढतं. अंगाईवाचून? माणसाचं बाळ किती परावलंबी जन्मतं. आई सूर लांबवते, तेच तेच म्हणते, बाळ हुंकार देतं. कलेचं मूळ इथे आहे, असं कलेच्या उगमावर लिहिणाऱ्या अभ्यासक एलन डिसानायके मांडतात, आणि मला ते अगदी खरं वाटतं. माझी पोर चार महिन्यांची आहे. पाठीवर बोटांनी ठेका धरला की रडं थांबतं, मी थांबलो की डोळे उघडून बघते.

सिडको: अंगाईचं पटलं. भिंतीवरच्या चित्राचं अजून नाही.