गाडीत फोन चार्ज होत नाही, आणि मार खाते केबल

रस्तापिसाट:
वर्षभरात गाडीसाठी घेतलेली ही तिसरी केबल. परवा चार तासांचा प्रवास होता. निघताना फोन ३८ टक्के, स्क्रीनवर नकाशा, कोपऱ्यात चार्जिंगची खूण झोकात चमकतेय. पोचलो तेव्हा ११ टक्के! चार तास चार्जिंगला लावून फोन उतरवायचा पराक्रम. घरी तोच फोन त्याच केबलवर बघता बघता भरतो.

माझं मत सरळ आहे. दोष केबलचा नाही, गाडीतल्या पोर्टचा आहे. म्युझिक सिस्टिमखालचं ते चौकोनी भोक मुळात पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवायला दिलेलं. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे असा साधा डेटा पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. नकाशा, मोबाइल डेटा आणि उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेली स्क्रीन यांचं एवढ्यात भागत नाही. उरलेलं बॅटरीतून जातं. चार्जिंगची खूण खोटं बोलत नाही, ती फक्त "वीज येतेय" एवढंच सांगते. पुरतेय का, हे सांगत नाही. तरी ज्याला विचारावं तो म्हणतो, केबल बदल. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तारजोड्या:
प्रचंड असहमत. गाड्यांचं वायरिंग हेच माझं रोजचं काम. "पोर्ट गेलाय, डॅशबोर्ड उघडा" म्हणत गिऱ्हाईक येतं. मी आधी माझी केबल लावतो, आणि बहुतेक वेळा पोर्ट ठणठणीत निघतो. मग फोनचं तोंड टॉर्चच्या उजेडात बघतो. तळाशी खिशातला कापूस आणि धूळ दाबून दाबून राखाडी नमदा झालेला असतो. केबल आत जाते असं वाटतं, पण "टक" होत नाही, कॉलर मिलीमीटरभर बाहेर राहते. फोन बंद करून लाकडी दातकोरण्याने हळूच उकरा, एवढासा गोळा निघतो आणि केबल घट्ट बसते. टाचणी किंवा सेफ्टी पिन घालू नका, आतली पट्टी खरवडली तर फोनच दुरुस्तीला जाईल.

रस्तापिसाट:
अहो, पण घरी तोच फोन व्यवस्थित चार्ज होतो. कचरा काय फक्त गाडीत बसल्यावर गोळा होतो?

तारजोड्या:
घरी फोन टेबलावर निपचित पडलेला असतो. गाडीत तो थरथरतो, केबल हेलकावे खाते. अर्धवट बसलेली पिन घरी चालते आणि पहिल्या खड्ड्यात सुटते. लागलं, सुटलं, लागलं, सुटलं. तुमच्याकडे तसं होतं की सलग चार्जिंग दाखवून टक्के घसरतात? हे दोन वेगळे आजार आहेत, औषधं वेगळी.

रस्तापिसाट:
सलग. मध्येच एखादा "टुंग" ऐकू येतो, पण फार नाही.

मोजूनमापून:
केबलची बाजू मांडणाऱ्यांसाठी थोडं गणित. स्वस्त केबलमध्ये वीज नेणारी तारही पुष्कळदा २८ गेजची असते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण ०.२१३ ओहम. वीज जाते आणि परतही येते, म्हणून एक मीटरच्या केबलला ०.४३ धरा. दोन अँपिअर ओढले की वाटेतच ०.८५ व्होल्ट गळतात आणि ५ चे ४.१५ होतात. एवढं खाली आलं की फोन आपणहून हात आखडता घेतो आणि कमी करंट ओढतो. तीच केबल २० गेजची असेल तर गळती ०.१३ व्होल्टवर येते. म्हणून गाडीसाठी दोन मीटरची लांबलचक, दोऱ्यासारखी केबल घेणारे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. वरचं विणलेलं कापडी कव्हर बघून भुलू नका, कव्हरातून वीज वाहत नाही.

रस्तापिसाट:
तुमचं गणित मान्य, पण ते माझ्याच बाजूने जातं. माझा पोर्ट अर्ध्या अँपिअरच्या वर चढतच नसेल तर त्याच २८ गेजच्या तारेत ०.२१ व्होल्टच गळतील. एवढ्याने फोन कुरकुरत नाही. नळालाच करंगळीएवढी धार असेल तर पाइप जाड घेऊन काय उपयोग?

मोजूनमापून:
हे मात्र बिनतोड आहे. मोठा करंट मिळत असेल तेव्हाच केबल आड येते. पण तुमचा पोर्ट अर्ध्यावर थांबतो हे तुम्ही मोजलंय, की गृहीत धरलंय? चार्जिंग पोर्ट म्हणून दिलेला साध्या चौकोनी तोंडाचा पोर्ट दीड अँपिअर किंवा जास्तही देतो, सी तोंडाचा (यूएसबी-सी, ते छोटं लंबगोल) ५ व्होल्टला ३ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. नुसत्या तोंडावरून काही कळत नाही. सी तोंड दिसलं म्हणजे जलद चार्जिंग आलंच, हाही गैरसमज. मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर आणा, व्होल्ट आणि अँपिअर डोळ्यांना दिसतील. मग भांडू.

नवाचालक:
मध्येच विचारतो. माझ्याकडे एक जुनी केबल आहे, ती गाडीच्या पोर्टला लावली की फोन भराभर चार्ज होतो. पण तिच्यावर अँड्रॉइड ऑटो (फोनचा नकाशा-गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) येत नाही. मूळ केबलवर येतं, मात्र चार्जिंग रडतखडत. कोणती केबल खराब म्हणायची?

मोजूनमापून:
कुठलीच नाही. जुन्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसणार, आणि फोनच्या टोकाला त्या दोन पिना आपसांत जोडलेल्या असणार. फोनला तसं दिसलं की तो समजतो, "हा भिंतीवरचा चार्जर आहे", आणि जास्त ओढायला लागतो. मूळ केबलवर तो गाडीशी बोलतो, गाडी "मी साधा डेटा पोर्ट" म्हणते, आणि फोन मर्यादेत राहतो.

तारजोड्या:
आणि याच उद्योगाने पोर्ट बंद पडल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात! अर्ध्या अँपिअरच्या पोर्टातून दीड ओढलात तर एखाद्या गाडीत चालून जातं, एखादीत आतलं संरक्षण पोर्टच बंद करतं. गाडी बंद करून थोडं थांबलं की बहुधा परत चालू होतो. लोक तेवढ्यात नवी सिस्टिम बसवायच्या गोष्टी करतात. चार्जिंगची केबल चार्जरला लावा, गाणी-नकाशाची केबल सिस्टिमला. खिचडी करू नका.

पिनपारखी:
केबल निर्दोष म्हणणाऱ्यांना एक जुना किस्सा. २०१५ मध्ये सी केबली नव्याने येत होत्या, तेव्हा गूगलमधले अभियंते बेन्सन लिउंग एकेक केबल विकत घेऊन तपासत आणि निकाल जाहीर लिहीत. चौकोनी ए तोंडाकडून सी तोंडाकडे जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक लागतो. काहींनी १० चा घातला होता. म्हणजे पोर्ट कितीही फाटका असो, केबल परस्पर फोनला सांगणार, "घे ३ अँपिअर". २०१६ च्या सुरुवातीला तपासलेल्या एका केबलमध्ये तर वीज आणि अर्थिंग यांच्याच तारा उलटसुलट होत्या. त्यात त्यांचा लॅपटॉप गेला. तेव्हा संन्याशाचीही झडती घ्यावी.

रस्तापिसाट:
झडती घ्या की. पण माझ्या तीन केबली तीन वेगळ्या कंपन्यांच्या. तिघीही सारख्याच चोर?

पिनपारखी:
तुमच्या बाबतीत नसतील. पण एक विचारू? उतरताना केबल कोणत्या टोकाला काढता, गाडीच्या की फोनच्या? चौकोनी ए तोंडाची ठरवलेली किमान सहनशक्ती १,५०० वेळा घालण्या-काढण्याची, सी तोंडाची १०,०००. रोज दोनदा गाडीकडचं टोक काढलंत तर दोन वर्षांत पंधराशेचा हिशेब संपतो आणि आतल्या पत्र्याच्या स्प्रिंगा सैल पडायला लागतात. केबल गाडीत लावलेलीच ठेवा, फोनकडचं टोक काढा.

तारजोड्या:
हा सल्ला कागदावर ठीक. प्रत्यक्षात पोर्ट गिअरच्या पुढ्यात, गुडघ्याच्या वाटेत. लावून ठेवलेल्या केबलला पिशवी अडकते, पाय लागतो, आणि पिन तरफेसारखी पोर्टच उचकटते. मी बदललेले बरेच पोर्ट झिजलेले नव्हते, वाकलेले होते.

पिनपारखी:
मग काटकोनी तोंडाची केबल घ्या. फोनचा पोर्ट झिजवण्यापेक्षा...

तारजोड्या:
आता तुम्हीच म्हणालात सी तोंड दहा हजार वेळा टिकतं.

पिनपारखी:
😄 बरं, तो मुद्दा मागे घेतला.

सावलीशोध:
सगळे तारेत अडकलेत. फोन कुठे लावता ते कोणीच विचारलं नाही. काचेला चिकटवलेल्या स्टँडवर, भर उन्हात? फोन तापला की बॅटरी वाचवायला तो चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. ॲपल आयफोन वापरण्यासाठी आसपासचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. बंद काचेमागे डॅशबोर्डवर त्याच्या कितीतरी वर जातं. पोर्ट उत्तम, केबल उत्तम, आणि फोनच जेवायला तयार नाही. एसीच्या झडपेपाशी लावून बघा. हीटर चालू असताना मात्र तिथे नको.

नवाचालक:
मग वायरलेस चार्जिंगच घेतलं तर? ना केबल, ना पोर्ट.

सावलीशोध:
त्यालाही मागून केबलच लागते. शिवाय त्यात बरीच वीज उष्णतेत जाते, म्हणजे तापणाऱ्याला आणखी तापवा. आगीतून फुफाट्यात.

मोजूनमापून:
रस्तापिसाट, १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये चांगला अडॅप्टर लावा आणि सिस्टिमचा नाद सोडा. हा सॉकेट मुळात सिगारेट पेटवायला होता, त्यामुळे दांडगा करंट देतो. त्याचा फ्यूज सहसा १० ते २० अँपिअरचा असतो. अडॅप्टरवरचा आकडा वाचा मात्र, दोन तोंडं असली तर तो बहुधा दोघांत वाटला जातो.

तारजोड्या:
आणि तो सॉकेट सैल! टोकाची स्प्रिंगवाली पिन तळाला टेकते, बाजूच्या पत्र्या भिंतीला. खड्ड्यात त्या हलतात, की झाली तुटातूट. तळाशी धूळ साचली असेल तर गाडी बंद करून पुसा, पण स्क्रू ड्रायव्हर घालू नका. तळ पॉझिटिव्ह, भिंत अर्थिंग. दोन्हीला एकदम धातू लागला की फ्यूज उडालाच. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा घाला, "जरा मोठा टाकू" नको.

रस्तापिसाट:
मीटर आला. रविवारची सकाळ गाडीत बसून काढली, शेजारी बघून हसत होते.

सिस्टिमचा पोर्ट: तिन्ही केबलींवर ०.४६ ते ०.४८ अँपिअर. केबल बदलली तरी आकडा ढिम्म. इथे मी जिंकलो, नोंद घ्यावी.

सॉकेटमधला अडॅप्टर: बारीक लांब केबलवर १.१ च्या पुढे जाईना. अर्ध्या मीटरच्या जाड केबलवर त्याच फोनला १.८. म्हणजे इथे केबलवाले जिंकले. गाडी हलवली, गतिरोधकावरून नेली, तर आकडा क्षणभर शून्य आणि तोच "टुंग". अडॅप्टर जरा फिरवून घट्ट बसवला, थांबलं. फोनचं तोंड दातकोरण्याने साफ केलं. नमदा निघाला, तारजोड्या, कबूल. पण आकड्यात फरक पडला नाही.

तारजोड्या:
आज नाही पडला. पुढच्या महिन्यात पडला असता. त्या आधीच्या दोन केबलींचं काय केलंत?

रस्तापिसाट:
एक गाडीच्या कप्प्यातच होती, आज कामाला आली. दुसरी "बिघडलेली" म्हणून भावाला दिली होती, मोजायला त्याच्याकडून मागून आणली. तो विचारतोय, परत कधी देणार. त्याच्याकडे ती एकदाही अडली नाही म्हणे.