'जाणीवपूर्वक जगणं' म्हणजे मुद्दाम जगणं का?

पाटीपेन्सिल
अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींसाठी शिबिर आहे. मूळ पत्रक इंग्रजीत असून विषय 'इंटेन्शनल लिव्हिंग' आहे. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, खर्च या गोष्टी सगळे करतात म्हणून करायच्या नाहीत. आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते आधी ठरवायचं आणि मग त्याला धरून वागायचं. मी 'मूल्यांना धरून जाणीवपूर्वक जगणं' असं लिहिलं. शिबिर घेणाऱ्या दादांनी 'जाणीवपूर्वक' खोडला. त्यांच्या मते हा शब्द पेपरात फक्त 'जाणीवपूर्वक बदनामी' किंवा 'जाणीवपूर्वक दुर्लक्ष' असाच येतो, त्यामुळे मुलांना त्यात कट दिसेल. त्यांनी सुचवलेला 'हेतुपूर्ण' मला सरकारी अहवालातला वाटतो. आमच्या घरी 'जाणीव ठेवून वाग' हे चांगल्या अर्थानेच म्हणत आले आहेत. तुम्ही काय म्हणता?

जुना खिळा
दादांचा रोख चुकीच्या शब्दावर आहे. काळी छटा असलीच तर 'हेतुपुरस्सर' आणि 'जाणूनबुजून'ला आहे. 'जाणीवपूर्वक' त्यांच्या संगतीला अलीकडे लागला. आणि 'मुद्दाम'चं काय? 'मुद्दाम पाय आडवा घातला' म्हणतो तसंच 'मुद्दाम तुम्हाला भेटायला आलो' असंही म्हणतो, आणि दुसऱ्या वाक्यात केवढा जिव्हाळा आहे! छटा त्या शब्दात नाही, पुढे येणाऱ्या क्रियापदात आहे. 'जाणीवपूर्वक'च्या पुढे 'जगणं' आलं की कट कुठे उरतो? शब्द आहे तसा ठेवा.

दोन डब्यांची गाडी
'इंटेन्शनल' का नको? आमच्या सगळ्या ग्रुपांवर मुलं 'इंटेन्शनल राहायचंय' असंच लिहितात. ज्या मुलांसाठी पत्रक आहे त्यांचाच शब्द खोडून त्यांना मराठी कशाला शिकवायचं?

जुना खिळा
कारण तो शब्द शहरातल्या मुलांचा आहे. पत्रक तालुक्याच्या कॉलेजातही लागणार असेल ना?

दोन डब्यांची गाडी
काका, तालुक्याच्या कॉलेजात इंटरनेट पोचलंय. आणि शब्द वरून बदलत नसतात. शिवाजी महाराजांच्या काळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, मुजुमदाराचा अमात्य केला. आज अमात्य इतिहासाच्या पुस्तकात आहे आणि मुजुमदार शेजारच्या दारावरच्या पाटीवर.

शाईची बाटली
मूळ प्रश्नात दोन शब्द आहेत आणि सगळे एकाच्याच मागे लागलेत. मला 'मूल्य' अडतं. आम्ही शाळेत मूल्यशिक्षण परिपाठाला शिकलो. दहा मूल्यं होती आणि ती पाठ करून ओळीने म्हणायची. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे. नखं कापलेली असणं आणि बाईला बरोबरीचं माणूस समजणं एकाच यादीत, एकाच सुरात. त्यामुळे विशीतल्या मुलाला 'मूल्य' म्हटलं की त्याला फळ्यावरचा सुविचार आठवतो. ते स्वतः निवडायचं असतं हे त्याच्या कानावरच आलेलं नसतं.

जुना खिळा
मूल्य हा मूळचा किमतीचाच शब्द आहे. 'मूल'पासून तो पाणिनीच्या काळापासून सिद्ध आहे. त्याचंच घरगुती रूप 'मोल'. मोलमजुरी, मोलकरीण, अनमोल, कवडीमोल ही सगळी त्याचीच भावंडं. मुलांना हे सांगा. ज्याच्यासाठी काही मोजायची तयारी आहे ते तुमचं मूल्य. बाकी नुसती आवड.

बाँडवाला
वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी डॉक्टर आहे. आमच्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. आमच्या बोलीत त्याची दोन क्रियापदं आहेत, 'बाँड करणे' आणि 'बाँड भरणे'. ज्याच्या घरी पैसे आहेत तो भरतो आणि लगेच पीजीच्या अभ्यासाला बसतो. बाकीचे करतात. करणाऱ्यांतही बहुतेकांची नजर पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, शहराच्या किती जवळ मिळतं यावर असते. मी यादीतलं गडचिरोली जिल्ह्यातलं असं केंद्र घेतलं की जे कुणी मागत नव्हतं. मित्र म्हणाले, 'हौस आहे तुला.' वडील म्हणाले, 'वर्ष काढ आणि ये.'

आता शब्दाचा मुद्दा. सक्तीची गोष्ट जाणीवपूर्वक करता येते का? पहिले काही महिने मी स्वतःला हेच विचारत होतो. सही करायला मला कायद्याने लावलं होतं. पण सातच्या आत ओपीडी गुंडाळायची नाही, तिथल्या माडिया बोलीतली निदान कामापुरती वाक्यं शिकायची, रात्री बाळंतीण आली तर न बघताच पुढे पाठवायची नाही, हे मला कुणी लावलेलं नव्हतं. म्हणजे जागा सक्तीची आणि वागणं माझं. याला शब्द काय?

तिथल्या सिस्टरकडे एक शब्द होता. नवा डॉक्टर आला की त्या विचारायच्या, 'बाँडवर आहात, की राहणार आहात?' बाँड संपल्यावरही मी थांबलो, तेव्हा त्या आशाताईंना सांगत होत्या, 'हे राहणारे आहेत.' मला तरी तो शब्द पुरला.

गोंडपिपरी रोड
बाँडवाले, तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २००६ साली तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम सुरू केला. तिथे हा प्रश्न वर्षानुवर्षं मराठीतूनच बोलला जातोय. 'अर्थपूर्ण जीवन' आणि 'स्वधर्म' हे दोन शब्द तिथे सतत कानावर पडतात. स्वधर्म घ्या की. आपल्या मातीतला, वजनदार आणि एका शब्दात काम होतं.

नळावरची कळशी
'स्वधर्म'ला माझा ठाम विरोध आहे आणि कारण सांगते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात स्वधर्म शोधावा लागत नाही, तो निसर्गतःच मिळालेला असतो, असं विनोबा म्हणतात. विनोबांबद्दल मला आदर आहे. पण ज्यांच्या पणजोबांना जन्मानेच काम वाटून दिलं गेलं, त्या घरातल्या मुलीला 'तुझा स्वधर्म ओळख' म्हटलं तर तिला काय ऐकू येतं याचा विचार करा. शिबिराचा विषय निवडण्याचा आहे. मिळालेलं स्वीकारण्याचा नाही.

आमच्या घरचा शब्द 'शील'. वंदनेत आम्ही पंचशील म्हणतो. प्रत्येक शीलाचा शेवट 'सिक्खापदं समादियामि' असा होतो, म्हणजे हा शिकण्याचा पाठ मी स्वतः घेतो. 'असं कर' अशी वरून आलेली आज्ञा नाही, 'मी घेतो' असं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्याही 'मी'नेच बोलायच्या. ठरवून जगणं म्हणजे काय हे लाखो माणसांनी एका दिवशी मराठीत उच्चारलं आहे. नवा शब्द घडवायची गरजच काय?

शाईची बाटली
'मी घेतो' हे फार मोलाचं आहे, पण ताई, 'शील' बाहेरच्या मराठीत बाईच्या अंगावर टाकून ठेवलाय. शीलभ्रष्ट, शील जपा, शीलवान कन्या. माझ्या होस्टेलच्या भिंतीवर तसली पाटी होती आणि मुलांच्या होस्टेलात नव्हती. शिबिराला येणाऱ्या मुली हा शब्द वाचून मागे सरतील.

नळावरची कळशी
मग पाटी चुकीची. शब्द कशाला सोडायचा? बाबासाहेब प्रज्ञा आणि करुणेच्या मधोमध शील ठेवत आणि त्यात बाई-पुरुष असा भेद नव्हता. दुसऱ्यांनी बिघडवला म्हणून आपण शब्द टाकत गेलो तर आपल्याजवळ उरेल काय?

शाईची बाटली
हे पटतं. पण पत्रक चार ओळींचं आहे आणि तिथे तुम्ही समजवायला नसणार. 'विवेक' कसा वाटतो? वि आणि विच्, म्हणजे वेगळं काढणं, निवडणं. अंनिसचा, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा, 'जोडीदाराची विवेकी निवड' हा उपक्रम आहे. मी त्याच्या एका सत्राला गेले होते. पत्रिका, हुंडा, जात, लग्नातला खर्च, प्रेम आणि आकर्षण, सगळ्यावर मोकळी चर्चा झाली. पुढे मी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, आणि तीस दिवसांची नोटीस लागल्यापासून घरात रोज एकच वाक्य ऐकलं, 'तुझी तत्त्वं तुझ्यापाशी ठेव.' म्हणून 'तत्त्व' मला नको. घराघरात तो रागाने उच्चारला जातो. 'विवेकी' म्हणून मात्र मला कुणी टोमणा मारला नाही.

वाकडी वाट पंढरीची
'विवेक' डोक्याचा शब्द आहे. ठरवलेलं रोज पाळायचं कसं, ते त्यात येत नाही. आमच्या गावात त्याला 'नेम' म्हणतात. माझ्या चुलतभावाने एकविसाव्या वर्षी माळ घातली. त्या दिवसापासून मटण बंद, दारू बंद, एकादशी आणि वारी. मित्र धाब्यावर जायचे तेव्हा हा सोबत जाऊन दाल-रोटी खायचा. कुणाला उपदेश नाही. 'माळकरी आहे' या दोन शब्दांत सगळ्या गावाला त्याचं जगणं कळतं आणि कुणी आग्रह करत नाही. तरुण वयात नाही म्हणायला असा आधार लागतो. तुमच्या शिबिरातल्या मुलाला सोमवारी ऑफिसातल्या पार्टीत कुठला शब्द आधार देणार?

दोन डब्यांची गाडी
पण माळेचे नियम आधीच ठरलेले आहेत. इथे यादी स्वतः बनवायची आहे.

वाकडी वाट पंढरीची
माळ घालायची की नाही हे त्यानेच ठरवलं, त्याच्या वडिलांनी नाही. त्यांनी स्वतः कधी घातली नाही.

खाडीपलीकडे
'जागणे' कसा कुणाला सुचला नाही? शब्दाला जागणे. 'मूल्यांना जागून जगणं' म्हणा. जागं असणं आणि इमान राखणं, पाटीपेन्सिलताईंना हवे असलेले दोन्ही अर्थ एका क्रियापदात आहेत, शिवाय कानाला गोड. आमच्याकडे मासळीच्या धंद्यात सौदे अजून तोंडी होतात, आणि 'तो जागणारा आहे' एवढ्यावर माणूस माल सोडतो.

जुना खिळा
सुंदर! जागृ धातू. या धाग्यातला हाच सर्वांत अस्सल मराठी पर्याय.

नळावरची कळशी
'खाल्ल्या मिठाला जागणे' पण त्याच क्रियापदाचं आहे ना? ते मालकाशी इमान झालं. पगार देतो म्हणून गप्प बसणाराही मिठाला जागतच असतो. नोकरीत नको ते करायला सांगितलं तर पोरांनी मिठाला जागायचं की मूल्याला?

खाडीपलीकडे
हाच प्रश्न शिबिरात पहिल्या तासाला ठेवायला हवा. दोन्हीकडे एकच क्रियापद असणं मला तरी सोयीचं वाटतं.

बाँडवाला
यावर माझा थोडा अनुभव. औषधांचा साठा नसताना रजिस्टरला 'आहे' लिहा असं मला वरून सांगितलं गेलं होतं. मी लिहिलं नाही. तेव्हा डोक्यात यातला एकही शब्द नव्हता. समोर रांगेत बसलेली माणसं होती, एवढंच. शब्द नंतर लागतो, दुसऱ्याला सांगताना. आणि सांगायला तो हवाच, कारण माझ्यानंतर येणाऱ्या मुलीलाही तेच सांगितलं जाणार आहे.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. मजकूर शुक्रवारी छपाईला जातो. कळशीताईंचं 'मी घेतो' आणि बाँडवाल्यांचा 'बाँडवर की राहणार' हा प्रश्न आत घालते, परवानगी असावी. शीर्षकाचं अजून नक्की नाही. 'जागून' दादांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, मुलांना रात्रभर जागायचं शिबिर वाटेल.

जुना खिळा
दादांना सांगा, संदर्भाने अर्थ लागतो. 'जाणीवपूर्वक'लाही हेच लागू होतं, मी पहिल्याच उत्तरात लिहिलंय.

दोन डब्यांची गाडी
काका, तुमच्या 'मुद्दाम'वरून आठवलं. माझी आई 'मुद्दामहून' म्हणते. शाळेत बाईंनी तो निबंधात चूक दिला होता. चूक आहे का?

जुना खिळा
'हून' हा पंचमीचा प्रत्यय. घराहून, गावाहून. तो नामाला लागतो आणि 'मुद्दाम' क्रियाविशेषण आहे. व्याकरणाने चूकच.

खाडीपलीकडे
आमच्याकडेही सगळे मुद्दामहूनच म्हणतात. एवढी माणसं चूक कशी असतील?

गोंडपिपरी रोड
आणि 'आपणहून'चं काय करायचं मग? 'आपणहून केलं, कुणी सांगितलं नव्हतं.' तिथला 'हून' कुठली पंचमी आहे, काका? त्यात गावाहून निघाल्यासारखं कुठून तरी निघणं आहे की नाही?

जुना खिळा
'आपण' सर्वनाम आहे, त्याला प्रत्यय चालतो. पण तुमचा दुसरा प्रश्न चांगला आहे. उद्या पुस्तकं काढून बघतो.